बोक्याची खाट

"दिगू, त्या कुत्र्याक बंदरावर सोडून ये," आये म्हणाली. "थय मासळेचा कायबाय गावात खाऊक. मरणार नाय तो."

तव्यावरचा घावन उलटता उलटता माझ्या सासूबाईंनी हा निकाल देऊन टाकला. घरातले सगळे त्यांना आये म्हणत, म्हणून लग्न होऊन आल्यावर मीही तेच म्हणायला लागले. दिगंबर, माझा नवरा, चहाच्या कपात बघत राहिला. बाहेर पडवीत कुत्रा आपल्या खाटेवर पडून मांडी चावत होता, आणि तो ओला कचकच आवाज थेट चुलीपर्यंत येत होता. त्याच्याशेजारी, आमच्याकडे पाठ करून, अंगावरून पंचा घेऊन, माझे सासरे पेज जेवत होते. त्यांनी ऐकलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. पण मान काही वळली नाही.

"म्हयन्याभरात वैजू येतली बाळंतपणाक," आये पुढे म्हणाली. वैजू म्हणजे माझी नणंद. "तान्ह्या पोराच्या घरात खरजेचो कुत्रो ठेवूचो? लोका माझ्या तोंडात शेण घालतीत."

"खरूज नाहीये ती," मी म्हटलं.

"मगे काय ता सांग."

तेच तर मला सांगता येत नव्हतं. "मला चार दिवस द्या, आये. डॉक्टरांकडे परत एकदा नेऊन आणते. नाहीच कळलं तर सोडा."

"तुझो हट," आये म्हणाली आणि माझ्या ताटात घावन आपटला. होकार देण्याची तिची हीच रीत.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. आता माझी मालवणी ऐकून मी मिरजेची आहे हे कुणाला खरं वाटत नाही. पण तेव्हा मी नवी होते, घरात माशाचा वास आला की मागच्या दारी जाऊन उभी राहत होते, आणि त्या घरात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. ते म्हणजे हा कुत्रा. नाव बोका. पिल्लू असताना ताटातला बांगडा पळवायचा म्हणून आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठेवलेलं. गल्लीत "बोक्याऽ" म्हणून हाक मारली आणि चांगला तांबूस, रुंद छातीचा कुत्रा धावत आला की पाहुणे चक्रावून जात.

आबा गावचे मेस्त्री. निम्म्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या हातची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी विहिरीपाशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. ते पडले तेव्हा याच बोक्याने भुंकून भुंकून आयेला तिथवर ओढत नेलं, म्हणून माणूस तरी हाती लागला. पण उजवा हात गेला तो गेलाच. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली आणि आबांचं बोलणं तिच्या मागोमाग गेलं. मी सून म्हणून आले तेव्हा ते मला दिवसातून एखादा शब्द द्यायचे, तोही पाणी मागण्यापुरता.

मग त्या वर्षी पावसाच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी दिगूला पेटी खाली काढायला लावली. आंब्याची फळी गुडघ्याखाली दाबून, डाव्या हातात पटाशी धरून आबा कामाला बसले. काय करताय, विचारायची कुणाची छाती झाली नाही. आये दारात उभी राहून बघत होती, आणि आत तिची भाकरी जळून कोळसा झाली तरी तिला पत्ता नव्हता. पंधरवडाभर खपून त्यांनी केली काय, तर कुत्र्यासाठी खाट. पावसाळ्यात पडवीची जमीन ओल धरते, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरतात, म्हणून. खाट वाकडी झाली होती, एक पाय आखूड, त्याच्याखाली लाकडाची चीप. त्यावर तेलाचे दोन हात दिले, इथल्या दारा-चौकटींना देतात तसे. बोका उडी मारून वर बसला तेव्हा आबा हसले. आये त्या रात्री जेवताना मला म्हणाली, "सोन्याची खाट केली असती तरी माका इतको आनंद झालो नसतो." आमच्यात भांडणाशिवाय झालेलं ते पहिलं बोलणं.

आणि पाऊस लागून चिखल झाला तेव्हा बोका स्वतःला खायला लागला.

आधी वाटलं पिसवा. मी त्याला बाजारातली पावडर लावली. मग वाटलं गोचीड, म्हणून कानापासून शेपटीपर्यंत चाचपून काढला, एकही मिळाली नाही. आयेने खोबरेल तेलात गंधक घालून चोपडलं. मग आमचं जेवणावरून जुंपलं. ती म्हणे, ही घाटावरची त्याला दूध-चपाती घालते, त्याने त्याचं रक्त बिघडलं, कोकणातल्या कुत्र्याच्या पोटाला गहू कसा मानवेल. मी म्हणे, तुम्ही बांगड्याची मुंडकी घालता, उष्णता होणार नाही तर काय. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही बंद करा आणि महिनाभर नुसता भात द्या. बोक्याने भात खाल्ला, शेजारच्या घरात जाऊन सुकट चोरली, आणि चावणं होतं तसंच चालू राहिलं. आयेने राखणदारालाही नारळ ठेवला. "म्हाराजा, चुकला-माकला असात तर पदरात घे," असं गाऱ्हाणं घालून आली. राखणदार म्हणजे वाडीची राखण करणारा देव. त्याच्याकडूनही काही उत्तर आलं नाही.

वाईट म्हणजे त्याच सुमारास आबांनी पुन्हा हत्यारं टाकली. एक पाट करायला घेतला होता, तो तसाच अर्धा. आमच्याबरोबर जेवणंसुद्धा बंद केलं. ताट घेऊन पडवीत जायचे आणि पाठ करून बसायचे. आये म्हणायची, कुत्र्याला सोडायचं नाव काढलं त्याचा हा राग. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर मी हट्टाला पेटले होते. कुत्रा गेला तर आबाही जातील, घरातच बसून जातील, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दिगूच्या रिक्षातून बोक्याला तालुक्याला नेलं. डॉक्टर बांदेकर बाई शांत स्वभावाच्या. मागे त्यांनी कातड्याचा कीस काढून काचेवर बघितला होता, खरजेचे किडे नाहीत असं सांगितलं होतं. यावेळी त्यांनी बोक्याला टेबलावर उताणा केला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिल्या.

"हनुवटी," त्या म्हणाल्या. "कोपरं. छाती, पोट, मांड्यांची आतली बाजू. आता पाठ बघ. पाठीवर आहे का काही?"

पाठ चकचकीत होती.

"शेपटीचं मूळ? कान?"

"नाही."

"पिसवा शेपटीच्या मुळाशी चावतात. खरूज कानाच्या कडांना धरते. हे सगळं जमिनीला टेकणारं अंग आहे. ह्याला काहीतरी लागतंय, रोहिणी. अंगातून येत नाहीये, बाहेरून लागतंय. पडवीला फिनेल मारता?"

"छे, शेणाने सारवतो."

"झोपतो कुठे?"

"त्याची खाट आहे. लाकडाची. आबांनी केलेली." हे सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट आली असावी.

"वर काही अंथरलेलं?"

"गोणपाट टाकलं की ओढून फेकून देतो."

"बरं. घरी जा आणि दिवसभर ह्याच्या मागे मागे फिर. जिथे जिथे पोट टेकेल ती जागा बघून ठेव. आणि तोवर सुई देते, खाज कमी राहील."

मी अक्षरशः तसं केलं. दिवसभर कुत्र्यामागे फिरले. बोका राखेच्या ढिगाऱ्यावर बसला, मी राख बघितली. माडाच्या आळ्यात लोळला, मी आळं हुंगलं. शेजारची काकू वईवरून, म्हणजे कुंपणावरून, डोकावून म्हणाली, "आये, तुझी सून काय हरवल्यान गे?" आये म्हणाली, "अक्कल." खाटेचा संशय मला आला नव्हता, पण तिच्याखाली काही कीड-बीड असेल म्हणून दुपारी पाऊस उघडल्यावर मी ती दोन्ही हातांत कवटाळून उचलली आणि अंगणात उन्हाला नेऊन ठेवली. खाली काही नव्हतं. खाट हाताला जरा चिकट लागली, पावसाळ्यात काय चिकट नसतं. संध्याकाळी परत जागेवर आणून ठेवली. बोका वाटच बघत होता, लगेच चढून बसला.

चौथ्या दिवशी सकाळी मी पीठ मळायला बसले आणि आयेने माझं मनगट धरलं.

"ह्या काय?"

माझ्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, फोड आले होते. रात्रभर आग होत होती, मला वाटलं खाजकुयली लागली असेल. आयेने हात उजेडाला धरला, बोट न लावता बघितला, आणि तिचा चेहराच बदलला.

"काजीचा तेल ह्या. खय हात घातलंस? काजीच्या टरफलांत हात घातलंस?"

"मी काजूला हातसुद्धा लावला नाही."

"माका शिकवू नको. चेडू असताना काजी फोडूक जाय होतंय मी. राख लावल्याशिवाय बसला तर असेच फोड येत. सांग, कशाक हात लावलंस?"

"कशालाच नाही. कुत्र्याला धुतलं, सारवलं, खाट उचल…"

आयेने माझं मनगट सोडलं. आम्ही दोघी दारातून पडवीत बघायला लागलो. आबा आंघोळीला गेले होते. बोका खाटेवर पोट टेकून, हनुवटी फळीवर ठेवून पडला होता.

"कसलं तेल दिलं होतं आबांनी?" मी विचारलं.

"काजीचाच. वाळवी लागाक नये म्हणान." आये हळू आवाजात बोलत होती. "पण आमच्या सगळ्या दारांक ताच तेल. ह्याच चौकटीक टेकान मी पोरां वाढवलंय. कोणाक काय झाला नाय."

"खाट अजून चिकट आहे."

आये मटकन पाटावर बसली. मला वाटलं, आता सुटलो. कारण कळलं, कुत्रा राहिला. मी उठून खाट बाहेर काढायला निघाले, तर तिने माझा पदर ओढला.

"ह्यांका सांगू नको."

"का?"

"का म्हणान काय इचारतंस? वारा गेल्यापासून पयल्यांदा हातात पटाशी धरल्यानी. तू बघलंस मा? आता त्यांका सांगू, तुमी केलास ता त्या जनावराक जाळता? पेटी परत माळ्यार जातली. आणि ती मगे उतरणार नाय, माझ्याकडसून लिहून घे." तिचे डोळे भरून आले होते. "दिगू कुत्र्याक घेऊन जाऊंदे. मीच वाईट होतंय. माझ्यावर रागावले तर रागावले."

"आणि बोक्याने काय केलं? तुम्हाला विहिरीवर त्यानेच नेलं ना?"

ते आयेला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. मला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण मागे घेण्यासारखं ते नव्हतं. शेवटी आमच्यात तडजोड झाली. कुत्रा राहील, खाट जाईल. मी ती आत्ताच्या आत्ता मागच्या खोपीत नेऊन लाकडांखाली घालायची, आणि आबांना सांगायचं की पाय मोडला. आखूड पाय होताच, खपून गेलं असतं.

मी हाताला फडकी गुंडाळली, बोक्याला उठवलं, आणि खाट ओढत पायरीपर्यंत आणली. तेवढ्यात आबा विहिरीकडून आले. ओले केस, खांद्यावरून पंचा, डावा हात पंचाच्या आत.

"खय नेतंस?"

"धुवायला."

"पावसात ठेवलंस तरी धुतली जायत." त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठेव थय."

"पाय मोडलाय, आबा."

त्यांनी चारही पाय बघितले. मेस्त्री माणूस तो. बोका मध्येच येऊन माझ्या पायांतून घुसला आणि ओढत आणलेल्या खाटेवर चढून बसला, जणू मी पालखीत बसवून त्याला मिरवायला काढला होता. बसला आणि लगेच मांडी चावायला लागला. लाल, सोललेली मांडी. आबांना ते बघवेना, त्यांनी तोंड फिरवलं.

आयेला दिलेला शब्द मी पायरी उतरायच्या आत मोडला.

"आबा, त्याला ह्या खाटेचंच लागतंय. वरच्या तेलाचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कामात काही चूक नाही, तेलच चिकट आहे. हे बघा, मी उचलली तर मलाही लागलं." मी फडकी सोडून हात पुढे केले.

वाटलं होतं, ते वळून आत जातील. आये दारात येऊन उभी होती, तिलाही तेच वाटत होतं. आबा माझ्या हातांकडे बघत राहिले. मग एक पायरी उतरून जवळ आले, वाकले, आणि पुन्हा बघितलं.

"आग होता?"

"होते."

"राती वाढता?"

"हो."

"आणि मगे बधिर पडता? मुंग्या येतत? बोटां धड वळनत नाय?"

"आज सकाळपासून. कातडं ताणल्यासारखं झालंय." माझ्या लक्षातच आलं नाही की हे सगळं त्यांना कसं ठाऊक.

आबा पायरीवर बसले. मग त्यांनी पंचा बाजूला केला आणि डावा हात काढून माझ्या हाताशेजारी धरला. तळवा काळा पडला होता. कातडीला भेगा गेल्या होत्या, बोटांच्या मधल्या बेचक्या सोलल्या होत्या, आणि चार बोटं अर्धवट वळून तशीच राहिली होती. माझ्यापेक्षा कितीतरी वाईट होता तो हात.

"उजवो गेलो तेव्हा पण असोच गेल्लो," ते म्हणाले. "आदी मुंग्या. मगे बधिर. माका वाटला, आता ह्यो पण जाता."

मी तो हात बोट न लावता जवळून बघितला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खाट झाल्यापासून. चिंधी धरूची तर पकड नाय, म्हणान हातानच तेल चोपडलंय. मगे पाट करूक घेतलंय, तर पटाशी सुटाक लागली. म्हटला, संपला."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगान काय होतला? वैजूचा होऊन जाऊंदे, मगे सांगूया, असा ठरवलंय. राती झोप येय नाय. सकाळी उठान आदी बोटां हलवन बघी. जेवताना घास पडता तो तुमका दिसाक नको, म्हणान हय बसी."

पाठ करून जेवायचे ते यासाठी. मी आयेकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. असं मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आबांनी वाकून खाटेच्या फळीवर नख ओढलं आणि नाकाशी नेलं. मग स्वतःलाच एक कचकचीत मालवणी शिवी दिली.

"भाजल्याचो वास नाय. ह्या कच्चा तेल." मला सांगता सांगता ते सरळ बसले. "पूर्वी टरफलां भट्टीत भाजत. तेल शिजान काळा येय, लावला की सुकान जाय. आता काजी वाफेर उकडतत नि टरफलां तशीच कच्ची पिळतत. नव्या कारखान्यातसून दिगू तेल घेऊन इलो तेव्हाच बघूक होया होता. सुकना नाय, सुकना नाय, म्हणान मी उगाच पावसाक गाळी घालतंय." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच. "चाळीस वर्सां मेस्त्रीकाम केलंय, आणि तेल ओळखलंय नाय. कुत्र्याक पण जाळलंय आणि स्वतःक पण."

"मग आता हात?" मी विचारलं.

"हाताक काय जाता? कातडा सोलान जायत, नवा येयत. काजीवाल्या बायकांचा बघूक नाय काय?" आणि त्यांनी ती अर्धी वळलेली बोटं डोळ्यांसमोर धरून हळूहळू हलवली. दुखत असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी हलवत राहिले.

आये आत गेली. चुलीपाशी भांड्यांचा आवाज झाला. परत आली ती पळीत मुठेल पातळ करून घेऊन. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, इथे भेगांना लावतात ते. वाटेत तिने खाटेला पायाने असा काही धक्का दिला की ती पायरीवरून अंगणात गेली आणि बोका दचकून खाली उतरला. मग ती आबांच्या शेजारी, सगळ्या वाडीला दिसेल अशी, पायरीवर टेकली. आम्हा तिघांकडे तिने आळीपाळीने बघितलं. माझे हात, आबांचा हात, कुत्र्याचं पोट.

"लपवन ठेवतत," ती म्हणाली. "एका घरात ऱ्हवन लपवन ठेवतत. हाडा तो हात हय."

आबांनी हात दिला नाही.

"आदी कुत्र्याक लाव," ते म्हणाले. "त्याना पयल्या दिवसापासून उघड्यार सांगल्यान. आमी माणसांच लपवत रवलांव."

"तो चाटून टाकील, आये," मी म्हटलं.

"चाटूंदे," आये म्हणाली. "खाऊचाच तेल ता." आणि तिने बोक्याला पुढच्या पायांना धरून जवळ ओढलं, त्याची सोललेली हनुवटी आपल्या मांडीवर घेतली, आणि दोन बोटं पळीत बुडवली.